सातबाऱ्यात न दिसणारा ओढा

१७ मे २०२५ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेची यंत्रे चिखलीत इंद्रायणीच्या काठावर उतरली आणि तिथले ३६ बंगले जमीनदोस्त झाले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ते पाडण्याचा आदेश जुलै २०२४ मध्येच दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ च्या सुरुवातीला तो कायम ठेवला आणि रहिवाशांसमोरचा शेवटचा दरवाजा बंद झाला. कारण एकच होते: हे बंगले नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत होते. रहिवाशांकडे नोंदणी झालेली खरेदीखते होती. कुणी आयुष्यभराची पुंजी घातली होती, कुणी कर्ज काढले होते. आम्ही घरपट्टी भरतो, वीज आहे, दस्त झाला आहे, मग घर बेकायदा कसे, हा त्यांचा प्रश्न होता.

उत्तर ऐकायला कठोर आहे. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दस्ताची नोंद होते, मुद्रांक शुल्क भरून घेतले जाते. ती जमीन पुरात जाते का, हे तिथे कुणी तपासत नाही. घरपट्टीचे बिल म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. बँकेचा वकील मालकीहक्काची साखळी पाहतो, जमीन गहाण पडली आहे का ते शोधतो. पण सलग पावसाच्या पाचव्या दिवशी पार्किंगमध्ये किती पाणी चढते, हा त्याच्या कामाचा भाग नाही. म्हणजे घर विकत घेताना ज्या तीन-चार ठिकाणी कागद फिरतात, त्यातल्या एकाही ठिकाणी नदीची विचारपूस होत नाही. ती घर घेणाऱ्यालाच करावी लागते.

पुणे परिसरात घर शोधणारे कुटुंब दर पाहते, कार्पेट एरिया मोजते, दिशा पाहते, शाळा आणि मेट्रो किती लांब आहे ते विचारते. यात चूक काहीच नाही. फक्त एक गोष्ट राहून जाते. या शहराच्या गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या आपत्ती पाहिल्या, तर त्यांतल्या बहुतेकांची खूण आधीच कुठे ना कुठे होती: पूररेषेच्या नकाशावर, विकास आराखड्यात, गावाच्या जुन्या नकाशावर, नाहीतर शेजारच्या दुकानदाराच्या आठवणीत. ती खूण टोकन देण्याआधी शोधता येते. नंतर सापडली, तर तिचा उपयोग फक्त वकिलाला होतो.

सुरुवात पूररेषेपासून करावी, कारण याविषयीचा गैरसमज सर्वांत महाग पडतो. महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा आखल्या जातात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची पातळी साधारणपणे निळी रेषा दाखवते आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आतला पट्टा निषिद्ध क्षेत्र असतो. तिथे बाग, शेती, मैदान अशा मोकळ्या वापरापलीकडे काही अपेक्षित नाही. निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित क्षेत्र असतो. राज्याच्या २०२० सालच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार तिथे बांधकाम होऊ शकते, पण जोत्याची पातळी लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा किमान ४५ सेंटीमीटर वर हवी. पुण्यात मुठा नदीसाठी निळी रेषा ६० हजार क्युसेक प्रवाहाला आणि लाल रेषा एक लाख क्युसेकला धरली जाते. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी.

‘पंचवीस वर्षांतून एकदा’ हे ऐकून माणूस निर्धास्त होतो. मागचा पूर २०१९ मध्ये आला, म्हणजे पुढचा २०४४ मध्ये, असा हिशेब मनात होतो. पण त्याचा खरा अर्थ दर वर्षी चार टक्के शक्यता असा आहे आणि दर वर्षी ती नव्याने चार टक्केच असते. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता गणिताने ५६ टक्के निघते. म्हणजे निळ्या रेषेवरच्या घराचे हप्ते फिटण्याआधी पाणी दारात येण्याचीच शक्यता जास्त. शंभर वर्षांतल्या पुरासाठी हाच आकडा १८ टक्के येतो. तोही दुर्लक्ष करण्याएवढा लहान नाही.

आणि हे गणित नदी नकाशाप्रमाणे वाहील, असे गृहीत धरून आहे.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या रहिवाशांना जाग आली तेव्हा सोसायट्यांमध्ये पाणी शिरलेले होते. खडकवासला धरणातून मुठेत ३५ हजार क्युसेकहून अधिक पाणी सोडले गेले होते, शहरातही रात्रभर पाऊस कोसळत होता. तळमजल्यावरची घरे बुडाली, गाड्या पाण्याखाली गेल्या, लोकांना बोटींतून बाहेर काढावे लागले, लष्कराला बोलवावे लागले. त्याच पहाटे डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत हातगाडी सुरक्षित जागी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुणांचा मृत्यू झाला. विसर्गाची सूचना वेळेवर मिळाली नाही, अशी एकतानगरीची तक्रार होती आणि तिच्यात तथ्य होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याच वस्तीत पुन्हा पाणी आले.

यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट आकड्यात आहे. निळी रेषा ६० हजार क्युसेकची. पाणी घरात शिरले ते त्याच्या जेमतेम साठ टक्के विसर्गाला. असे का होते? वर्षानुवर्षे काठावर टाकलेला राडारोडा, भराव घालून तयार केलेल्या जागा, पात्रात आलेली बांधकामे यांनी नदी अरुंद केली. शिवाय धरणाच्या खाली पडणारा पाऊस, ओढे-नाल्यांतून येणारे पाणी विसर्गाच्या आकड्यात मोजलेलेच नसते. सारंग यादवाडकर, विवेक वेलणकर आणि विजय कुंभार यांनी पुण्यातल्या पूररेषांच्या आखणीवर आक्षेप घेऊन मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, त्यामागे हीच चिंता होती. म्हणून इमारत निळ्या रेषेच्या दहा मीटर बाहेर आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. नकाशावरची रेषा पेनाच्या जाडीची असते, पाण्याला ती दिसत नाही.

मुठेचा स्वभाव समजण्यासाठी धरणांची मांडणी ठाऊक असलेली बरी. पुण्याला पाणी देणाऱ्या पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांची एकत्रित क्षमता सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यातल्या खडकवासल्याचा वाटा फक्त दोन टीएमसीच्या आसपास. वरची तीन धरणे भरली की त्यांचे सगळे जादा पाणी या छोट्या धरणात येते आणि त्याला ते साठवता येत नाही. दरवाजे उघडावेच लागतात. म्हणून मुठेकाठचा धोका जूनमध्ये कमी आणि जुलैअखेर ते सप्टेंबरमध्ये जास्त. उन्हाळ्यात नदीकाठचा फ्लॅट पाहणाऱ्याला बाल्कनीतून जे शांत, हिरवे पात्र दिसते, तेच पात्र पावसाळ्यात वेगळे असते.

पुण्याला हे नवीन नाही. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम पूर्ण होत आलेले पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि नारायण, शनिवार, कसबा या पेठांपासून डेक्कनपर्यंत पाणी पसरले. पूरग्रस्तांसाठी नदीपासून दूर, उंचावर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. गोखलेनगर आणि सहकारनगर त्यांतलीच. नदीने घर नेलेली माणसे नदीपासून लांब गेली, हा निर्णय शहाणपणाचा होता. तरीही २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री सहकारनगर, अरण्येश्वर, पद्मावती या भागांत पाणी शिरले. या वेळी नदी आली नव्हती. आंबील ओढा आला होता.

कात्रजच्या डोंगरातून निघून धनकवडी, पद्मावती, सहकारनगर, दांडेकर पूल असा येणारा हा ओढा एरवी लोकांना दिसतही नाही. पेशवाईत नानासाहेबांच्या काळात त्याचा प्रवाह वळवण्यात आला, कात्रजला तलाव बांधून शहराला पाणी नेले गेले. म्हणजे या ओढ्याशी पुण्याची ओळख अडीचशे वर्षांहून जुनी. पण मधल्या काही दशकांत त्याचे पात्र ठिकठिकाणी सीमाभिंतींनी आवळले गेले, काही ठिकाणी वळवले गेले, वर रस्ते आणि कमी उंचीचे पूल आले. त्या रात्री काही तासांच्या मुसळधार पावसाने कात्रजचा तलाव भरून वाहू लागला आणि ओढ्याने आपली जुनी जागा परत घेतली. टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे दगावली. शहर आणि जिल्हा मिळून त्या रात्रीच्या पावसाने वीसहून अधिक जीव घेतले. पश्चिमेकडे रामनदीने ऑक्टोबर २०१० मध्ये पाषाण-बाणेर भागाला असाच अनुभव दिला होता.

नदीला निदान पूररेषा असते. ओढ्याला बहुतेक वेळा तीही नसते. म्हणूनच या शहरात घर घेणाऱ्याने नदीइतकेच, किंबहुना जास्त लक्ष ओढ्यांकडे द्यावे. सातबाऱ्यावर क्षेत्र, खातेदार, पीक, बोजा दिसतो. त्या जमिनीतून पाणी कुठून वाहते ते कळत नाही. ते कळते गावाच्या नकाशावरून. भूमी अभिलेख विभागाकडे हे नकाशे मिळतात आणि ‘महाभूनकाशा’ या संकेतस्थळावर गट नंबर टाकून पाहताही येतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांवर ओढे निळ्या रेघांनी दाखवलेले असतात. गूगल अर्थवर मागची वर्षे उलगडून पाहण्याची सोय आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या उपग्रहचित्रात जिथे झाडांची वाकडीतिकडी रांग दिसते आणि आज जिथे सरळ काँक्रीटचा नाला किंवा इमारतीची पार्किंग आहे, तिथे थांबून विचार करावा. ही रांग बहुतेकदा ओढ्याच्या काठची असते. हे पाहायला एक संध्याकाळ पुरते आणि पैसे लागत नाहीत.

नकाशा पाहून झाला की पायी फिरावे. आसपासच्या जुन्या कंपाउंडवर चिखलाची आडवी रेघ आहे का, तळमजल्याच्या मीटरपेट्या नंतर वर उचलून बसवल्या आहेत का, दुकानांच्या दारात विटांचा उंबरठा नव्याने बांधला आहे का, पार्किंगच्या भिंतीला खालून दोन-तीन फुटांपर्यंत ओल आणि फुगलेला रंग आहे का. या खुणा सेल्स ऑफिसमध्ये कळत नाहीत. किराणा दुकानदार, इस्त्रीवाला, शेजारच्या सोसायटीचा सुरक्षारक्षक, सकाळचा पेपरवाला यांना विचारले तर ते पाणी कुठपर्यंत आले होते ते हात दाखवून सांगतात. त्यांना फ्लॅट विकायचा नसतो. आणि शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये, मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी जागा पुन्हा पाहावी.

डोंगराच्या कुशीतल्या घरांची गोष्ट वेगळी आणि तितकीच गंभीर. पुण्याच्या टेकड्यांवर ‘हिल टॉप हिल स्लोप’ आणि १९९७ मध्ये समाविष्ट झालेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर ‘जैवविविधता उद्यान’ अशी आरक्षणे आहेत. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला परवानगी मिळत नाही. याच टेकड्यांच्या पायथ्याशी आणि उतारावर एक-दोन गुंठ्यांचे तुकडे स्वस्तात विकले जातात. किंमत बाजारभावाच्या निम्मी असेल, तर त्या निम्म्याचे कारण विचारणे घेणाऱ्याचे काम आहे. डोंगर फोडला की पाण्याची वाटही बदलते. ६ जून २०१३ रोजी कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीजवळ अचानक आलेल्या लोंढ्यात आई आणि तिची चिमुकली मुलगी वाहून गेली, तेव्हा वरच्या डोंगरात झालेली तोडफोड आणि बुजलेले प्रवाह हेच चर्चेत आले. उतारावरच्या सोसायटीला बहुधा संरक्षक भिंत असते. तिला पाणी निघून जायला भोके आहेत का, ती फुगली आहे का, तिच्या पायथ्याशी शेजारच्या भूखंडावर खोदाई सुरू आहे का, हे पाहायला अभियंता असण्याची गरज नाही. २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. तीन दिवसांच्या आत आंबेगावात दुसरी भिंत पडून आणखी सहा. दोन्हीकडे मेली ती मजूर कुटुंबांतली माणसे. घर घेणाऱ्याने भिंत पाहावी ती स्वतःसाठीच, पण तिच्या पलीकडे कोण झोपते हेही पाहावे.

आता पाण्याचा दुसरा प्रश्न: जे नळाला यायला हवे आणि येत नाही, किंवा येते पण पिण्यासारखे नसते.

जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात ‘गिलान बारे सिंड्रोम’चे रुग्ण एकाएकी वाढू लागले. हातापायांतली ताकद जाणे, चालता न येणे, काहींना थेट व्हेंटिलेटर. पुणे परिसरातल्या रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, काहींचा मृत्यू झाला. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या तपासणीत रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळले. बोट दूषित पाण्याकडे वळले. ही गावे महापालिकेत आली होती, पण तिथल्या बऱ्याच भागाला शुद्धीकरण केंद्रातले पाणी मिळत नव्हते. विहिरीतले पाणी क्लोरिन टाकून पुढे सोडले जात होते. खडकवासल्याच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या लोकांना शहराच्या दुसऱ्या टोकाला मिळते ते पाणी मिळत नव्हते. ‘महापालिका हद्दीत’ या जाहिरातीतल्या दोन शब्दांवर विसंबून घर घेणाऱ्यांसाठी यापेक्षा स्पष्ट इशारा नाही.

पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. हद्द एका अधिसूचनेने वाढते. जलवाहिनी आणि मैलापाणी वाहिनी टाकायला वर्षे जातात. या मधल्या काळात बांधकाम परवानगी देताना विकसकाकडून हमीपत्र घेतले जाते, की महापालिकेचे पाणी येईपर्यंत रहिवाशांना पाण्याची सोय तो करील. इमारत पूर्ण होते, सोसायटी स्थापन होते, विकसक पुढच्या प्रकल्पाकडे वळतो आणि टँकरचे बिल सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये येऊन बसते. वाघोली, उंड्री, पिसोळी, महंमदवाडी, बावधन या भागांतल्या शेकडो कुटुंबांना ही रीत पाठ आहे. बाणेर-बालेवाडीत पाण्याची टंचाई एवढी गंभीर झाली होती, की २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला तिथल्या नव्या बांधकामांना अटकाव करणारा आदेश द्यावा लागला. बोअरवेल आहे म्हणून निश्चिंत राहण्यातही अर्थ नाही. पुण्याखाली बेसॉल्टचा खडक आहे. पाणी त्याच्या फटींत आणि थरांमध्ये असते आणि शेजारी चार नव्या बोअर पडल्या की आपली कोरडी पडू शकते.

जुना फ्लॅट घेताना हे तपासणे सोपे आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून मार्च, एप्रिल आणि मेचे टँकरचे खर्च दाखवा म्हणावे. वार्षिक हिशेबपत्रकात तो आकडा असतोच. नव्या प्रकल्पात हमीपत्राची प्रत मागावी. एकूण बांधकाम २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि तिच्या कागदात रोज किती पाणी लागेल, ते कुठून येईल, सांडपाणी प्रक्रिया केंद्र किती क्षमतेचे, जादा पाणी कुठे सोडणार हे सगळे लिहिलेले असते. केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर ही मंजुरी शोधता येते. विकायला बसलेल्या माणसाच्या तोंडी आश्वासनाशेजारी हा कागद ठेवून वाचावा. पाण्याची शुद्धता हा तर काही हजारांत सुटणारा प्रश्न आहे: टाकीतला आणि बोअरचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावा.

कचऱ्याचे दोन अनुभव पुण्याने घेतले आहेत आणि दोन्ही वेगवेगळे धडे देतात. पहिला उरुळी देवाची-फुरसुंगीचा. कित्येक दशके शहराचा कचरा या गावांच्या शेजारी उघड्यावर पडत राहिला. विहिरींचे पाणी काळे झाले, गावांना टँकर लावावे लागले, कचऱ्याला आगी लागत राहिल्या आणि २०१७ च्या उन्हाळ्यात ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. हे लोक तिथे आधीपासून राहत होते. कचरा त्यांच्याकडे आला. त्यांच्यावर झालेला अन्याय उघड आहे.

दुसरा बाणेरचा. सूस रस्त्याजवळच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पाच्या दुर्गंधीविरुद्ध रहिवासी हरित न्यायाधिकरणात गेले आणि २०२० मध्ये प्रकल्प हलवण्याचा आदेश त्यांनी मिळवला. महापालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला. प्रकल्प बंद करणे सार्वजनिक हिताचे होणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. त्यात एक मुद्दा घर घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा होता: ही जागा विकास आराखड्यात कचरा प्रकल्पासाठी आधीच आरक्षित होती, आजूबाजूच्या निवासी इमारती नंतर आल्या. रहिवाशांना वास येत होता हे खोटे नव्हते. पण आरक्षण आराखड्यावर छापलेले होते आणि फ्लॅट घेताना ते कुणी दाखवले नाही, कुणी मागितले नाही.

म्हणून स्वतःच्या भूखंडाचा झोन दाखला घेऊन थांबू नये. महापालिकेच्या बांधकाम विकास विभागातून मिळणाऱ्या विकास आराखड्याच्या नकाशावर भोवतालचा निदान अर्धा किलोमीटर पाहावा. समोरचे मोकळे मैदान खरोखर बागेसाठी आहे, की तिथून ३० मीटर रस्ता जाणार आहे? कोपऱ्यावरच्या जागेवर शाळा येणार, की सांडपाणी केंद्र, स्मशानभूमी, कत्तलखाना, पेट्रोल पंप? यातली कुठलीच गोष्ट वाईट नाही. शहराला ती सगळी लागतात. पण खिडकी कुणाकडे उघडणार हे आधी माहीत असणे हा घेणाऱ्याचा हक्क आहे. ज्या मोकळ्या जागेचा ‘व्ह्यू’ म्हणून जादा दर लावला जातो, ती तर या नकाशावर सगळ्यात आधी शोधावी.

पिंपरी-चिंचवडच्या बाजूला आणखी एक नकाशा पाहावा लागतो. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती २००० यार्डांचा, म्हणजे सुमारे १.८ किलोमीटरचा प्रतिबंधित पट्टा आहे. त्यालाही लोक ‘रेड झोन’च म्हणतात, नदीच्या लाल रेषेशी त्याचा संबंध नाही. तळवडे, रुपीनगर, यमुनानगर, निगडी या भागांतली हजारो कुटुंबे त्यात अडकली आहेत: बांधकाम नियमित होत नाही, पुनर्विकास रखडतो, बँका हात आखडतात. लोहगाव विमानतळाजवळ हवाई दलाचे निर्बंध, इमारतीच्या उंचीची मर्यादा आणि विमानांचा आवाज हे तिन्ही पाहावे लागतात.

आवाजाचा प्रश्न छोटा वाटतो आणि राहायला गेल्यावर रोजचा होतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा. कल्याणीनगर, कोरेगाव पार्क, मुंढवा, बाणेर इथल्या रहिवाशांना छतावरच्या हॉटेलांच्या आवाजाविरुद्ध वर्षानुवर्षे तक्रारी कराव्या लागल्या आहेत. म्हात्रे पूल ते राजाराम पुलाच्या पट्ट्यात लग्नसराईत काय होते ते कर्वेनगर-एरंडवण्याच्या माणसाला विचारावे. फ्लॅट रविवारी सकाळी अकराला दाखवला जातो, कारण तेव्हा शहर सर्वांत शांत असते. तो शनिवारी रात्री साडेदहाला पाहावा. हवेसाठी पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या ‘सफर’ यंत्रणेचे आकडे उपलब्ध आहेत, पण आपल्या गल्लीतली धूळ त्यात दिसणार नाही. जवळ रेडीमिक्स काँक्रीटचा प्लांट आहे का, भंगार जाळणारी गोदामे आहेत का, हे डिसेंबरच्या पहाटे नाकाने कळते.

इतके सगळे शोधून एखादी जागा पूर्ण निर्धोक निघेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. निळ्या रेषेच्या आतले घर घेऊच नये. त्यावर तडजोड नाही. लाल रेषेच्या काठावरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्याचे घर, वीजमीटर आणि जनरेटर उंचावर, बेसमेंट पार्किंग नाही, असे असेल तर विचार करता येईल, पण तो धोका ओळखून आणि दर पाडून. टँकरचे घर परवडते, जर दरमहा हजार-दोन हजारांचा तो खर्च हप्त्याच्या हिशेबात आधीच धरला असेल. पूर, भूकंप, भूस्खलन यांच्यासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित विमा पॉलिसी एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते. गृहकर्जासोबत बँक जो जीवनविमा गळ्यात घालते, तो हा नव्हे. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी त्या वस्तीत आधी एक पावसाळा भाड्याने राहून पाहावे. पन्नास-साठ लाखांच्या व्यवहारापुढे चार महिन्यांचे भाडे फार नाही.

एक काम कागदावरच करायचे असते. करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याची मुभा रेरा कायद्याचे कलम १३ विकसकाला देत नाही. तेवढ्या अवधीत त्याला ई-मेलने चार प्रश्न पाठवावेत: भूखंड कोणत्याही पूररेषेत येतो का, त्यातून किंवा लगत कोणता ओढा-नाला जातो आणि तो वळवला आहे का, पिण्याचे पाणी ताबा देण्याच्या दिवशी कुठून येणार, दोनशे मीटरच्या आत आराखड्यात कोणती आरक्षणे आहेत. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर टाकलेले नकाशे आणि मालकीहक्काचा अहवाल या उत्तरांशी ताडून पाहावा. जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला कलम १२ नुसार नुकसानभरपाई मागता येते आणि व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत मिळवता येते. त्यासाठी ब्रोशर, जाहिरातीचे कात्रण आणि तो ई-मेल जपून ठेवावा लागतो. संरचनेतल्या दोषांसाठी ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे विकसक जबाबदार असतो. ओढ्याच्या जागी इमारत उभी आहे, हा मात्र त्या अर्थाने संरचनेचा दोष ठरवणे अवघड जाते, म्हणून पहिले दोन प्रश्न लेखी विचारायचे आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत चेकवर सही करायची नाही.